अकरावी खुर्ची

११ नोव्हेंबर, सकाळी ११.११
चौकात बँड वाजला, कार्निव्हल सुरू! व्यासपीठावर मिरवणाऱ्या गावच्या अकराजणांच्या कार्निव्हल मंडळातून क्युर्टन गुडघेदुखीमुळे बाहेर पडला. अध्यक्ष प्युट्झफेल्ड म्हणाले, फेब्रुवारीच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे पिंपात उभं राहून विनोदी भाषणाने जो सभागृह हसवेल, त्याला अकरावी खुर्ची. म्हणजे मलाच. जन्मभर खाली बसून टाळ्या पिटल्या, आता बास.

१४ नोव्हेंबर
विषय ठरला. 'एल्फ', म्हणजे आपल्या जर्मनमधलं अकरा, हा शब्द आला कुठून? दहा मोजले, एक उरला. तो 'उरलेला एक' म्हणजे एल्फ! मंडळाला स्वतःचाच आकडा ठाऊक नाही. लोक गडाबडा लोळतील. बेकरीवाला झिलिकेन्स यंदाही सासूवर बोलणार. बिचारा.

२ डिसेंबर
बायकोला, रोझविटाला, भाषण ऐकवलं. म्हणाली, माहिती छान आहे रे, पण हसायचं कुठे? सांगितलं, उच्च विनोद उशिरा कळतो. ती बटाटे सोलायला लागली. विचारात पडली असावी.
मंडळाची पिसांची टोपी शिवायला टाकली. माझ्या मापाची.

९ जानेवारी
भाषण आटोपशीर ठेवायचं पक्कं होतं. पण अकरा घेतल्यावर बाराला टाळणं बरं दिसेना ('दोन उरले'). मग शंभर आलंच. पूर्वजांचं शंभर कधी कधी एकशेवीसचं असे! आणि हजार म्हणजे मुळात 'फुगलेलं शंभर'. लिहिताना मीच हसलो. रोझविटा म्हणे, तुझं भाषणही त्यातलंच. कौतुक की टोमणा? कौतुकच.

७ फेब्रुवारी
काल भाषण झालं. बाराला लोक बिअर आणायला उठले. तहान लागली असणार. शंभराला बाकं रिकामी. बँडने मध्येच तुतारी फुंकली, तो मान समजून मी हजाराला हात घातला. तेवढ्यात रोझविटा पुढे आली, माइक ओढून घेतला आणि म्हणाली, लोकहो, दहा मोजून जो उरतो तो अकरावा म्हणे. आमच्या घरात माणसं दोनच, तरी हा उरतो!
काय हसले! बिअर सोडून पळत आत आले. झिलिकेन्सची सासूसुद्धा. प्युट्झफेल्डनी डोळे पुसत खुर्ची तिथल्या तिथे देऊन टाकली. तिला.
वाईट कशाला वाटेल? मूळ संशोधन माझंच होतं.

८ फेब्रुवारी
वाईट वाटतंय.
टोपी तिला मोठी होते, शिंप्याकडे देऊन आलो. सोमवारी मिरवणूक. ती रथावर, मी रस्त्यावर. टाळ्यांचा सराव आहेच.