सरासरी ताशी चौऱ्याण्णव

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

निर्णय झाला. एप्रिलमध्ये स्पेन. आंदालुसिया. सायकलवरून.

तिथे जुन्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलसाठी वाटा केल्या आहेत. त्यातल्या एका मार्गावरून पूर्वी ऑलिव्ह तेलाची गाडी जायची. एकशे अठ्ठावीस किलोमीटर. लोखंडी पूल, बोगदे, दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या बागा, टेकड्यांवर अरबांच्या काळातले किल्ले. मोटार नाही. सिग्नल नाही. मुख्य म्हणजे चढ नाही. आगगाडीला चढ चढवत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी तो ठेवलाच नाही. वाट माझ्या प्रकृतीला अनुकूल आहे.

किशोरीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे या वर्षी लांजा नाही? म्हटलं, नाही. एकोणीस वर्षं मस्कतच्या नोकरीतली रजा म्हणजे आमचं गाव लांजा आणि घराचं बांधकाम. ती म्हणाली, अहो, आता शब्द फिरवू नका. एकोणीस रजा मी गवंड्यांना चहा करण्यात घालवल्यात. या वर्षी मी जाणार म्हणजे जाणार.

तिला सायकल येत नाही. ती बॅगांच्या गाडीतून येईल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सायकल घेतली. कार्बनची. हेल्मेट. पेडलला खटकन अडकणारे बूट. हँडलवर मीटर. अंतर, वेग, सगळं आपोआप मोबाइलवर आणि तिथून आमच्या पेडल मंडळाच्या तक्त्यात. मंडळात माझ्यासकट सहा मराठी माणसं. स्पेनला सगळे मिळून जाणार. सतीश सूत्रधार. तो बँकेत आहे. त्याला बेरजा आवडतात.

आम्ही राहतो त्या माबेल्यात सायकल चालवणं अशक्य. डंपर. वाहनं नसलेल्या वाटेची तयारी वाहनं नसलेल्या वाटेवरच व्हायला हवी. तशी वाट कुरमला समुद्राकाठी आहे. चाळीस किलोमीटर. एक्स्प्रेसवेने जावं लागेल. गाडीला मागे सायकलचं कॅरिअर बसवून घेतलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सराव सुरू. सहाला निघालो. कुरमला पोचल्यावर मुनीरच्या टपरीसमोर गाडी लावली, हॉर्न दिला. मुनीर करक चहा आणि पराठा घेऊन खिडकीशी आला. पन्नाशीचा माणूस, नम्र. विचारलं, साब, सायकल उतारूँ? हवेत दमटपणा फार होता. म्हटलं, अगले हफ्ते, इन्शाल्ला.

घरी आल्यावर लक्षात आलं, मीटर चालूच राहिलं होतं. ब्याऐंशी किलोमीटर. सरासरी ताशी चौऱ्याण्णव. तक्त्यात माझं नाव पहिलं.

पुसणार होतो. मग विचार केला. सायकल ब्याऐंशी किलोमीटर गेली, हे खोटं नाही. मी तिच्याबरोबर होतो, हेही खोटं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्याऐंशी. समोरून वारा होता. काच बंद ठेवून चहा प्यावा लागला.

सतीशचा मेसेज: सर, कमाल आहे. त्याखाली बाकीच्यांचे उभे अंगठे.

लेक तेजश्री पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची गुलाबी सायकल जिन्याखाली पडून आहे. आज पाहिलं, टायरमध्ये हवा भरलेली. वॉचमनला भलती हौस. समज द्यायला हवी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्याऐंशी. राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्यांची गर्दी. वाटेवर माणसं, मुलं, ढकलगाड्या. अपघात झाला असता. सायकल उतरवली नाही. जबाबदार माणसाने असंच वागावं.

मुनीरने विचारलं. म्हटलं, अगले हफ्ते.

किशोरीच्या सलवारला काळे डाग पडतायत. ग्रीससारखे. वॉशिंग मशीन बिघडलं असणार. मेकॅनिकला फोन करायचा. ती म्हणाली, राहू दे हो, मशीनला काही झालेलं नाही. तिला यंत्रातलं कळत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

एकूण नऊशे दोन किलोमीटर. सतीश दुसरा, सहाशे चाळीस. तेही पाच वाजता उठून, घाम गाळून.

संध्याकाळी मंडळाची बैठक सतीशकडे रुवीला. स्पेनच्या टूरचा लीडर म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. एकमताने. टाळ्या फार वेळ वाजल्या. दोघे तर हसत होते, आनंदाने. मी वेगाविषयी चार शब्द बोललो. सतीश मान खाली घालून ऐकत होता. खांदे हलत होते. भावुक माणूस.

परत येताना किशोरीने विचारलं, तुम्ही खरंच सायकलवर बसता का हो? म्हटलं, आकडे बघ. ती म्हणाली, आकडे बघितले. पँट पण बघितली. इस्त्री मोडत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

ब्याऐंशी.

किशोरीचं वजन चार किलोंनी कमी झालं. काळजी वाटली. रक्त तपासून घे म्हटलं. ती म्हणाली, सकाळी खालच्या हाफिजाबरोबर थोडी फिरते. हाफिजा शाळेत गणित शिकवते. बाईला शिस्त आहे. म्हटलं, चालणं चांगलं, पण अति करू नकोस. सगळ्यांना माझ्यासारखा स्टॅमिना नसतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिसासाठी कागद दिले. दोघांचे. ऑफिसमध्ये अर्बाबने, म्हणजे मालकाने, रजेवर सही केली. म्हणाला, स्पेन? सायकल? आणि माझ्या पोटाकडे बघितलं. एसीचे प्लांट आणि त्यांची टेंडरं यापलीकडे त्याने जग पाहिलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रमजान. दिवसा उघड्यावर पाणी पिता येत नाही. पाण्याशिवाय सायकल म्हणजे डिहायड्रेशन. शिवाय मुनीरची टपरी दिवसा बंद. सराव स्थगित. इतरांच्या भावनांचा आदर.

हा महिना अभ्यासाचा. व्हिडिओत बोगदा पाहिला. आत दिवे आहेत. पूल पाहिला. उंच आहे, पण कठडा आहे. सोफ्यावर बसून जवळजवळ अर्धी वाट पूर्ण केली.

६ मार्च, शुक्रवार

व्हिसा आले. किशोरीने पासपोर्ट तीनदा उघडून पाहिला. मग देवापुढे ठेवला. तिला ते स्टिकर फार आवडलं असावं.

२० मार्च, शुक्रवार

सतीशने कळवलं, सत्तावीसला सगळ्यांनी चाळीस किलोमीटर करायचे. कुरमहून. जाण्यापूर्वीची चाचणी. म्हणाला, सर, तुमच्यासाठी नुसता वॉर्मअप. आम्ही मागून येऊ. कळवलं, चाचणीची गरज नाही, आकडे बोलके आहेत. उत्तर आलं, आकड्यांना एकदा प्रत्यक्ष भेटायचंय.

उद्धटपणा. लीडर म्हणून दुर्लक्ष केलं.

सायकल हॉलमध्ये घेतली. भिंतीला हात लावून बसलो. तोल उत्तम. भिंत सोडायची गरज वाटली नाही.

२७ मार्च, शुक्रवार. दुपार. डाव्या हाताला प्लास्टर. उजव्याने लिहितो आहे.

काय झालं ते नीट नोंदवून ठेवतो. नंतर लोक काहीही सांगतील.

सकाळी सहाला कुरम. किशोरी गुलाबी सायकल घेऊन आली होती. हाफिजाच्या गाडीतून. म्हटलं, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मार, हौस भागेल. ती हो म्हणाली.

मी पुढे. बूट खटकन अडकले. सुरुवात दमदार. डाव्या हाताला मुनीरची टपरी आली. सवयीने थांबलो. घंटी वाजवली. बाकीचे शेजारून पुढे निघून गेले, सतीश तेवढा मागे होता. चहा बाहेर येईपर्यंत बसून राहिलो. गाडीत बसतो तसाच.

गाडी उभी राहिली तर उभी राहते. सायकल राहत नाही. हे कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नाही.

पाय पेडलमध्ये अडकलेले. मी सायकलसकट डावीकडे. ताशी शून्य किलोमीटरने.

मुनीर चहा घेऊन बाहेर आला. बघितलं. म्हणाला, साब, आज उतार दी? मग कप खाली ठेवून माझे पाय सोडवले.

सतीश हॉस्पिटलला घेऊन गेला. डॉक्टरने विचारलं, कसे पडलात? म्हटलं, उतारावर. सतीश खिडकीबाहेर बघत होता. सहा आठवडे प्लास्टर.

किशोरीचा फोन लागेना. दहाला आली. चेहरा लाल, केस विस्कटलेले, हातांना ग्रीस. मला आडवा पाहून रडली. मग पाणी प्यायली. मग म्हणाली, मला मागे काय झालं कळलंच नाही हो. चाळीस झाले माझे.

मीटर पाहिलं. शून्य पूर्णांक तीन.

२९ मार्च, रविवार

टूर रद्द करावी लागणार. लीडरशिवाय जाणं सुरक्षित नाही. मंडळाला तसं लिहिलं. सतीशचं उत्तर: तिकिटं काढलेली आहेत, सर. वाट सरळ आहे. हरवणार कुठे?

किशोरीला म्हटलं, तिकिटं बदलून लांज्याला जाऊ. मागच्या भिंतीचं प्लास्टर राहिलंय, देखरेख होईल. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, एकोणीस वर्षं मी प्लास्टर सांभाळलंय. या वर्षी तुम्ही सांभाळा.

नोव्हेंबरपासून ती रोज पाचला उठून हाफिजाबरोबर सायकल चालवते आहे. पहिल्या महिन्यात सात वेळा पडली. मला सांगितलं नाही. विचारलं, का? म्हणाली, शुक्रवारी तुम्ही चहाला जायचात, इतर दिवशी झोपलेले असायचात. सांगणार कधी?

१३ एप्रिल, सोमवार

उद्या ती निघते. पिठलं, भाजी, वरण डब्यांत घालून डब्यांवर वार लिहून ठेवलेत. हाफिजाला किल्ली दिली. तेजश्रीने फोनवर आईचं इंग्रजीत कौतुक केलं. मग मराठीत म्हणाली, बाबा, तुम्ही ओके ना?

किशोरीने मीटर मागितलं. म्हणाली, इथे पडून काय करणार? दिलं. पण अट घातली, खातं माझंच राहील. तक्त्यात खंड पडायला नको. ती हो म्हणाली. जाताना सांगून ठेवलं, घाट लागला तर उतरून चाल. तिने माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला. घाट नाहीये हो तिथे, म्हणाली. तुम्हीच सांगितलंत.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळी नऊ.

रजा चालू आहे. माबेल्यातच. शनिवारचा डबा रिकामा.

किशोरीचा फोटो आला. लोखंडी पूल. खाली दरी, मागे ऑलिव्हची झाडं. हेल्मेट थोडं वाकडं. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं, आठवत नाही. लांज्याला तरी नाही.

पाठोपाठ तक्ता. कालचा दिवस, माझ्या नावावर: अडतीस किलोमीटर. सरासरी ताशी अकरा.

त्याखाली सतीश: सर, चौऱ्याण्णववरून थेट अकरा? तब्येत सांभाळा.

त्याखाली पाच जणांचे हसरे चेहरे. सहावा किशोरीचा.

म्हणजे चौऱ्याण्णवचा अर्थ त्यांना कळला होता. सुरुवातीपासून.

काहीतरी लिहायला हवं होतं. लीडर आहे.

लिहिलं: चढ होता.