पडेल ते काम

सातपूर, नाशिक
१४ जानेवारी २००१

चि. बुद्धभूषण यास सप्रेम जयभीम आणि उभयतांचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. दोघांनाही काही कळलं नाही. अमेरिकेत राहायची मुदत तीन वर्षांनी वाढली म्हणतोस, नोकरी चालू आहे म्हणतोस, आणि तरी नाशिकला येता येत नाही म्हणतोस. मी एकतीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये काढली. गेटपास एकच होता. त्याच्यावर आतही जाता यायचं आणि बाहेरही.

सुजाता सात महिन्यांची झाली. नातीला आम्ही फोटोतच बघायचं का? शेजारच्या वत्सलाबाई रोज आईला विचारतात की पोरगा काही लपवत तर नाही ना. आई मला विचारते. मी कुणाला विचारू? एका कागदावर सरळ मराठीत लिही, नाहीतर लिहूच नकोस.

सूनबाईंना जयभीम, सुजाताला पापा. रागावलेला, तरी तुझाच,
दादा

न्यू जर्सी
४ फेब्रुवारी २००१

ती. दादा आणि आईस सविनय जयभीम.

सरळ मराठीत लिहितो. माझा व्हिसा एच-वन. तो कंपनीनं काढलेला, म्हणजे कंपनी ठेवील तोवर मी इथं. मुदत वाढली म्हणून राहता येतं. पण एकदा देशाबाहेर पडलो की परत आत यायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो. जुन्याची तारीख संपली. त्या शिक्क्यासाठी आमचे पासपोर्ट सरकारी कचेरीत गेलेत, कधी येतील कुणी सांगत नाही. पासपोर्टाशिवाय मला विमानात कोण बसवणार?

तृप्तीचा व्हिसा एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोचा. बी. ई. होऊनही तिला एक दिवस पगारी काम करता येत नाही. दिवसभर ती भिंतींशी भांडते आणि मी घरी आलो की माझ्याशी.

तेव्हा तुम्हीच या. तुमचा पाहुण्यांचा व्हिसा. मुंबईच्या वकिलातीत विचारतील, तेव्हा नातीला बघायला चाललोय, सहा आठवड्यांनी परत येणार, एवढंच सांगा. घराची आणि फंडाची कागदपत्रं न्या. दादा, हात जोडतो, विचारतील तेवढंच बोला.

लोभ आहेच, थोडी शांतताही ठेवावी.
भूषण

सातपूर, नाशिक
१९ एप्रिल २००१

चि. बुद्धभूषण यास जयभीम.

काल मुंबईहून आलो. व्हिसा नाकारला.

काचेमागे गोरा साहेब, शेजारी मराठी बोलणारी बाई. तुझ्या आईनं तू शिकवलेलं सगळं बिनचूक सांगितलं. मग साहेबानं मला विचारलं की तिथं दिवसभर काय करणार. आता यावर काय सांगायचं? मी म्हणालो की बसून खाणारा माणूस मी नाही, पडेल ते काम करीन, पोरावर भार होणार नाही. त्या बाईनं पुन्हा विचारलं की काम म्हणजे कसलं काम. ती डोळ्यांनी खुणावत होती असं आई म्हणते. मला वाटलं, तिला खात्री करून हवी आहे. मी हातावरचे घट्टे दाखवले. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, सगळं येतं म्हणालो. साहेबानं पासपोर्ट परत सरकवले.

परतीच्या गाडीत इगतपुरीला तुझी आई म्हणाली की तुमच्या घट्ट्यांनी माझी नात घालवली. तेव्हापासून ताट वाढते आणि उठून जाते.

कष्टाला तयार असणं हा गुन्हा कधीपासून झाला, ते तुझ्या त्या एच-वनवाल्यांना विचारून कळव.
दादा

न्यू जर्सी
२० मे २००१

ती. दादा आणि आईस सविनय जयभीम.

दादा, तुमचं पत्र मिळालं. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून तर एवढंच बोला असं लिहिलं होतं. असो. आता त्याचाही उपयोग नाही.

शिक्का मारलेले पासपोर्ट मंगळवारी आले. शुक्रवारी कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला. नोकरी गेली की एच-वनही गेला. दुसरी एक कंपनी घ्यायला तयार आहे, पण पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, पुन्हा वर्षभर सुजाता फोटोत. तृप्तीला विचारलं तर ती बॅगा काढायला लागली. आम्ही येतोय, कायमचे.

एक अडचण आहे. सुजाता इथं जन्मली, म्हणून कागदोपत्री अमेरिकन. सातपूरला यायला तिला भारताचा व्हिसा लागतो. फॉर्मात तिचा व्यवसाय विचारलाय. मी डोकं धरून बसलोय.

नोकरी गेल्याचं कॉलनीत सांगू नका. आईला जेवायला बसवा.
भूषण

सातपूर, नाशिक
२ जून २००१

चि. बुद्धभूषण यास सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. पोरीचा व्हिसा झाला की लगेच फोन कर. आई जेवली. वत्सलाबाईंना तुम्ही येताय एवढंच सांगितलंय.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. नोकरी गेल्याचं वाचून ती रडली, मीही तिच्याशेजारी मान खाली घालून बसलो. पण भूषण, आतून मला आनंद होत होता. आमच्या कंपनीत माझ्यासमोर कितीतरी लोक घरी बसवले गेले, त्यातल्या एकाच्याही वेळी माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि माझ्या पोटच्या पोराची नोकरी गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

माफ कर मला, आणि लवकर ये.
दादा