लॅपटॉप होता तसाच आणलाय

अंकिता,

तुझा लॅपटॉप कुपवाडच्या दुकानातून परत आणून फळीवर ठेवलाय. दुरुस्तीवाला म्हणाला, "आवं आज्जी, मेमरी वाढवली की अजून दोन वर्सं पळंल बगा." मी म्हटलं, "नगं रं, हाय तसाच दे."

तू रागावशील. पण तो नीट चालला की तू पुन्हा म्हणणार, घरातूनच काम करते, पुण्याला कशाला जाऊ? माझ्या गुडघ्यांपायी अडून बसलीस, हे मला कळतं. पुण्याची कंपनी नवा लॅपटॉप देतेय ना? मग सोमवारी जा. पाणी भरायचं शेजारच्या शरयूला सांगून ठेवलंय.

दमलेय, जरा पडते. भांडायला उठवू नकोस. समोर आलीस तर 'राहा' म्हणेन.

आज्जी