हिरव्या ठिपक्याचं पथ्य

२ मार्च २०२५, सकाळी

नातीने, प्रणालीने, फोनमध्ये सोय करून दिली. बटण दाबायचं, बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. वाचणार कोण, विचारलं. म्हणाली, तुझं तूच गो आजी. आता मला तर अक्षर येत नाय. म्हंजे गुपित पक्कं.

तर बातमी अशी की मला साखर झाली. घरातल्या पिढ्यान् पिढ्यांनी मिठागरात मीठ ओढलं आणि माझ्या रक्तात निघाली साखर. पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, पण साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाय. ८ मेला प्रणालीचं लगीन. मी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. या खाडीकाठच्या किती पोरी माझे धवले ऐकत बोहल्यावर चढल्या, आणि घरच्याच पोरीचं तोंड मी धुरातून बघू? एप्रिलपर्यंत साखर उतरवते, डोळा करून घेते, मांडवात सगळ्यांच्या पुढे बसते. ठरलं.

३ मार्च

सुनेने, शांतीने, पेणच्या एका डाएटवाल्या बाईकडून पथ्य आणलं. नाव लो-कार्ब. म्हंजे भात बंद, भाकरी बंद, बटाटा बंद, पोहे बंद. जे उरतं त्याला आमच्यात कालवण म्हणतात, जेवण नाय. दुपारी वाटीभर कालवण घेऊन बसले, पाहुणीसारखी. भात कधी येतो म्हणून वाट बघत होते. आला नाय.

शांती म्हणाली, सवय होईल. हिच्या बापाला विचारा, हिच्या लग्नात जावयाला पहिल्या पंगतीला भात कमी पडला तेव्हा सवय झाली होती काय.

५ मार्च

मार्ग निघाला. शांतीने पेणच्या दुकानातून शुगर-फ्री मिठाईचा खोका आणला. आई, हे तुम्हाला चालतं, म्हणाली. पण आठवड्याला एकच तुकडा. यात साखर नाय.

साखर नाय तर एकच तुकडा का? पाण्यात साखर नाय, ते काय आठवड्याला एक घोट पितात? पण वाद घातला नाय. ती न्हाणीत गेल्यावर खोका उजव्या डोळ्याजवळ आणला. नाकाला लावलं की अजून दिसतं. वर काय काय लिहिलंय, ते मला नको. कोपऱ्यात बघितलं तर हिरवी चौकट, मधी हिरवा ठिपका. लक्षात ठेवला. अक्षर न येणारी माणसं खुणेवर जगतात. गुरं ओळखतो, होड्या ओळखतो, ठिपका काय चीज हाय.

तीन तुकडे खाल्ले. चवीला बरे. थोडे मातकट.

९ मार्च

नाक्यावरच्या दुकानात गेले. सहज. बिस्किटाचा पुडा नाकाला लावला, हिरवा ठिपका! सोनपापडीचा डबा, ठिपका. केळ्याच्या वेफरवर ठिपका. दुकानदार म्हणाला, आजी, वास घेता काय. मी म्हटलं, तू तुझं माप सांभाळ.

जग किती सुधारलं आणि मला कोणी सांगितलं नाय. शांती उगाच पेणपर्यंत रिक्षाने जाते.

१३ मार्च, होळी

आज माझी कमाल झाली. सगळ्यांच्या पानात पुरणपोळी. मी ताटावर हात आडवा धरला. नको म्हटलं म्हंजे नको. कमळाकर, माझा लेक, धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला होता. म्हणाला, आई, तुझ्यासारखा निग्रह नाय बघितला. प्रणालीने माझा फोटो काढला.

मंग आत जाऊन अर्धा डबा सोनपापडी. ठिपक्याची. निग्रहाने दमायला होतं.

२३ मार्च, रोहा

लेकीकडे, हौसाकडे, लग्नाचं आवतण घेऊन आले. आवतणाला गेलं की प्रत्येक घरात तोंड गोड करतात. नाय म्हटलं तर पाहुणचाराचा अपमान. मी आधीच सांगत सुटले, मला साखर हाय, हिरवा ठिपका असेल तरच द्या. बायका पुडा फिरवून फिरवून बघत. सगळीकडे असायचाच. रोह्याची माणसं फार समजूतदार. एकीने तर विचारलं, आजी, माळकरी झालात काय? मी म्हटलं, माळ कशाला, डोळा करायचाय. ती पुडा फोडू लागली. काय कळलं नसेल तिला.

शेजारची मालू पण बरोबर होती. तिलाही साखर. दोन घरं बिचारी नुसतं पाणी पीत होती. तिला ठिपक्याची खूण सांगितली. ज्ञान आपल्याजवळ ठेवून काय करायचं. नंतर माझ्यापेक्षा जास्त खाल्लं तिने.

४ एप्रिल

बोटाला सुई टोचायचं मशीन घरी आणलंय. आकडा बघून शांतीने मशीन दोनदा झटकलं. पुन्हा टोचलं. मंग माझ्याकडे बघितलं. साखर वाढलीय म्हणाली.

मशीन हलकं असणार. उन्हाने रक्त घट्ट होतं, हे पण एक कारण. काल रात्री मच्छर चावले, तेही धरायला हवं.

शांतीला वाटतं मी चोरून भात खाते. तांदळाच्या पिंपावर आता पाटा ठेवलाय. मी देवासमोर उभी राहिले नि म्हटलं, भाताच्या शिताला शिवले असेन तर धवला गाणारी ही जीभ झडो. खरं बोलत होते म्हणून आवाजही चांगला लागला. शांतीने मान खाली घातली. तिची मला दयाच आली.

८ एप्रिल

लग्नाचं सामान आलं. कमळाकरने मोठ्या दुकानातून पाकिटं आणलीत. मी एकेक नाकाला लावून पास करत होते. मिठाच्या पुडीवर हिरवा ठिपका. मिठात साखर नाय हे पण छापतात! केवढी काळजी.

मंग साखरेचं पाकीट हातात आलं. त्याच्यावरही ठिपका.

जरा वेळ बसले. बिनसाखरेची साखर. मनात काहीतरी टोचलं, सुईपेक्षा बारीक. पण मी म्हटलं, मोबाईल बोललेलं लिहितो ते तरी कुठं पटत होतं? शास्त्र पुढे गेलंय. आपण अडाणी माणसांनी शंका काढत बसू नये.

चहात तीन चमचे घातले. अगदी खरीसारखी लागते.

१७ एप्रिल

डॉक्टरने रिपोर्ट बघितला. आकडा तीनशेच्या वर. पहिल्यापेक्षा जास्त. ऑपरेशन नाय म्हणाला. मी सांगितलं, दीड महिना भात तोडलाय, आगरी बाईने, हे तुमच्या पुस्तकात कुठं धरता? तो शांतीशीच बोलत राहिला. जखम भरणार नाय, डोळा जाईल, असलं काहीबाही.

घरी येऊन शांतीने सरळ माझी गादी उलटली. डबे निघाले. पुडे निघाले. ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मी तुमचा भात तोडला, शेजारणी मला म्हातारीला उपाशी मारते म्हणतात, ते ऐकून घेतलं, आणि तुम्ही हे.

मला तिचं वाईट वाटलं, गैरसमज झाला होता तिचा. मी म्हटलं, शांती, आधी खूण बघ. एकूण एकावर हिरवा ठिपका हाय. बिनसाखरेचा.

ती रडायची थांबली.

"आई, तो ठिपका शाकाहारी असल्याचा. यात मास-मच्छी नाय, एवढंच सांगतो तो."

"बिस्किटात बोंबील कोण घालतो गो?"

ती हसली नाय. मीही विनोद केला नव्हता.

१८ एप्रिल

रात्रभर विचार केला. चूक माझी नाय. छापायचं तर कामाचं छापा. साखरेत मासळी नाय हे कळून कोणाचं भलं झालं?

मालूला सांगायला हवं. आज जरा पाय दुखतोय. उद्या.

१९ एप्रिल

मालूला सांगितलं. काठी घेऊन मागे लागली. पाय दुखत होता तरी पळता आलं.

२० एप्रिल

लग्नाला अजून वेळ हाय. आता भात बंद, गोड बंद, चहा कोरा. डॉक्टरला दाखवते सगुणा काय चीज हाय.

२९ एप्रिल

साखर उतरली. शांतीने मशीन मलाच धरायला दिलं. डॉक्टर मात्र म्हणाला, अजून खाली यायला हवी, घाई नको, लगीन होऊ दे, मंग बघू. मंग बघायला माझं काय राहणार हाय?

सोडा. गरज कोणाला? धवले तोंडपाठ हायेत, डोळ्याने कोणी गात नाय. आणि मला दिसतंही बऱ्यापैकी. लोक उगाच बाऊ करतात.

७ मे

हळद झाली. अंगणात झाडून सगळ्या पिवळ्या साड्या. पण मी नात बरोबर हेरली. जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, म्हटलं, सासूशी नीट वाग, उलट बोलू नको, पहाटे लवकर उठ. बराच उपदेश केला. रडूही आलं.

मंग तिने तोंड उघडलं. हौसा होती. म्हणाली, आये, माझी सासू जाऊन दहा वर्षं झाली.

पिवळ्यात कोणीही फसेल.

९ मे

काल लगीन लागलं. सगळ्यांच्या पुढे बसले आणि आवाज असा लावला की बँडवाले थांबले. पोरगी पाया पडली, माझे हात घट्ट धरले. गर्दी, धूर, वर डोळ्यांत पाणी. पण बघितलं. सगळं बघितलं. डॉक्टरला म्हणावं, तुझ्यावाचून अडलं नाय.

१० मे

सासरहून प्रणालीचा फोन. आजी, मी कशी दिसत होते, विचारलं. मी कशाला कमी करते? नाकातली नथ, कपाळावरचं बाशिंग, आणि लाल शालूत कशी पळसासारखी फुलली होतीस, सगळं सांगितलं.

ती जरा थांबली. मंग म्हणाली, व्हय गो आजी, लालच होता. आवाज ओला वाटला. सासरी नवीन हाय, म्हणून असेल.

फोन ठेवला. शांती शेजारी मासळी साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली,

"आई, शालू निळा होता."

दुपारी तिने ताट वाढलं. कालवण, भाजी आणि डाएटवालीला विचारून मूठभर भात. मी जेवले. भात परत मागितला नाय. हात धुताना विचारलं, डॉक्टरकडे कधी जायचं.