बावीस किलोमीटरचा खुलासा

नाराकूर्ट,
९ फेब्रुवारी

तीर्थरूप मर्लताईंना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही शिडीवर चढून पन्हळ साफ करत होतात, असं तुमच्या शेजारणीकडून कळलं. (तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं.) इकडे सगळं ठीक. ऊन मी म्हणतंय, पण कोंबड्या अंडी देतायत आणि मी दोन्ही वेळा पोटभर जेवते.

पत्रास कारण की, आपल्या फंडाचं टॅक्स रिटर्न अजून गेलेलं नाही आणि अठ्ठावीस तारखेच्या आत गेलं नाही तर दंड बसेल. घाबरू नका, आधी पुढचं वाचा. केल्विन गेल्यावर, एकट्या बाईला स्वतःच्या म्हातारपणाचा फंड एकटीनं चालवता येत नाही, दुसरा ट्रस्टी लागतो असं कळलं आणि मी ती धोंड तुमच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून वर्षातून एकदा आपली फोनवर सभा भरते. तुम्ही तासभर तुमच्या बर्नीत कोण आजारी, कोण गेलं, कुणाच्या मुलानं घर विकलं ते सांगता आणि मी कागदावर लिहिते, 'सविस्तर चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.' (यात खोटं काही नाही. चर्चा सविस्तरच असते.)

या फंडातच तुमच्या भावानं ती जुनी हिरवी मोटरसायकल घेऊन ठेवलीय. म्हातारपणाची पुंजी म्हणून घेतलेली वस्तू, त्यामुळे ती आपली असली तरी आपण वापरायची नाही, घरी ठेवायची नाही, विमा उतरवून परक्याच्या छपराखाली ठेवायची आणि लांबून बघायची, असा नियम. केल्विननं अकरा वर्षं तिला नुसतं फडक्यानं पुसलं. एकदाही बसला नाही आणि गेला. हे मला फार लागून राहिलं होतं, ताई. ऑक्टोबरात ती ठेवलेली फुटबॉल क्लबची शेड गळायला लागली, म्हणून मोटरसायकल चार किलोमीटरवरच्या लोकरीच्या गोदामात हलवायचं ठरलं. ट्रकवाल्याला नेमकी त्याच दिवशी मेंढ्या कातरायची घाई, तो फिरकलाच नाही. ढकलत न्यायचं माझं वय राहिलंय का? मी केल्विनचं हेल्मेट घातलं, आत रुमाल कोंबला आणि निघाले. गोदामाशी वळायचं होतं हे कबूल. पण हात वळलाच नाही. थेट तळ्यापर्यंत गेले, तिथे बसून पोटभर रडले आणि येताना पोटभर गायले. काय मजा आली म्हणून सांगू! (गोदामवाल्यानं उशीर का झाला विचारलं, तर मी म्हटलं, वारा समोरचा होता.)

आता ऑडिटर लाइल नोस्के. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. माउंट गॅम्बियरचे, विधुर, माझ्याहून वर्षभरानं मोठे. ऑडिटरनं तटस्थ राहावं, फंडवाल्यांशी घसट ठेवू नये, असा कायदा आहे आणि हा मनुष्य तो इतका कडक पाळतो की सहा वर्षांत त्यानं माझ्याकडे पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. चहा थर्मासमधून आणायचा आणि बाहेर गाडीत बसून प्यायचा, बेचाळीस अंशांच्या उन्हात. समोरच्यांना वाटतं मीच त्यांना घराबाहेर काढते.

तर मंगळवारी ते आले. गोदामात जाऊन मोटरसायकलचा मीटर पाहून आले होते. माझ्या टेबलावर गेल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी लिहिला आणि म्हणाले, सव्वीस किलोमीटर वाढलेत, चार गोदामाचे समजले, उरलेले बावीस कुठले? मी तीन थापा तयार ठेवल्या होत्या. (एकीत ट्रकवाला होता, एकीत त्याचा मेहुणा. तिसरी तुम्हाला सांगण्यासारखी नाही.) ऐन वेळी तोंडातून खरंच निघालं. तळं, रडणं, गाणं, सगळं. कुठली गाणी तेही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मला टॅक्स खात्याला कळवावं लागेल, ट्रेगेन्झाबाई."

"मग कळवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"एकतीस वर्षांत मी असं शेकड्यांनी कळवलंय. आज हात उचलवत नाही. म्हणजे मी तटस्थ राहिलेलो नाही. तुमच्या फंडावर मला सही करता येणार नाही."

मी मेली मठ्ठ! मी म्हटलं, अहो, बावीस किलोमीटरसाठी एवढं काय? तर त्यांचे कान लालबुंद झाले.

"किलोमीटरचा प्रश्न नाही, ग्लेनिस."

सहा वर्षांत माझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. मग म्हणाले, आता मी तुमचा ऑडिटर नाही, तर चहा मिळेल का? चहा दोन कप घेतला आणि जॅम लावून चार स्कोन खाल्ले. खाताना राजीनामा लिहिला, आणि नव्या ऑडिटरसाठी बावीस किलोमीटरची चिठ्ठी, तीही खरी खरी. ताई, माझ्यावर जीव जडला म्हणतो आणि माझाच गुन्हा तारीखवार लिहून देतो, असा माणूस आहे. मला हसू आवरेना. केल्विननंतर या स्वयंपाकघरात मी इतकी कधी हसले नव्हते.

कळावे. लोभ आहेच, तो जरा वाढवून ठेवा, लवकरच लागेल.

तुमची,
ग्लेनिस

ता. क. नवा ऑडिटर नेमायला दोन्ही ट्रस्टींच्या सह्या लागतात. ठराव सोबत आहे, फुली केलीय तिथे सही करा. या वेळी बाई नेमल्यात. लग्न झालेल्या, तीन मुलांच्या. पुन्हा घोटाळा नको.

ता. क. ठरावातल्या 'कारण' या रकान्यात मी 'प्रकृती अस्वास्थ्य' असं लिहिलं होतं. लाइलनं ते खोडून 'तटस्थता गमावल्यामुळे' असं लिहिलं आणि शेजारी सही ठोकली. बर्नीच्या पोस्टमास्तरला हा कागद दाखवू नका.

ता. क. पाकिटात दुसरा कागद आहे, तो फंडाचा नाही. लाइलनं विचारलंय, एप्रिलात लग्न करू या का. मी अजून हो म्हटलेलं नाही. याला दुसऱ्या ट्रस्टीची संमती लागत नाही, मी नियम नीट वाचून पाहिले. पण आई गेल्यावर केल्विनला तुम्ही लहानाचं मोठं केलंत, म्हणून खाली तुमच्या सहीपुरती जागा सोडली आहे. रिटर्न उशिरा गेलं तर दंड भरीन. हा कागद आधी पाठवा.