जिन्याखालच्या वाचनालयाचा दंड

४ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो माझ्या सख्ख्या भाचीने केला आहे. काल चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोनवर नोकऱ्यांच्या कुठल्याशा संकेतस्थळाचा निरोप आला. तू म्हणे माझ्याशी ‘व्यावसायिक संबंध जोडू इच्छितेस’, आणि मी तुला ओळखतो का? ज्या खांद्यावर तू दूध ओकलीस त्या खांद्याच्या मालकाला हा प्रश्न! उत्तर द्यायला पासवर्ड बनवावा लागला. त्यात आकडा हवा, चिन्ह हवं. चहा गार झाला.

शेवटी आत शिरलो. ‘ज्ञानव्यवस्थापन क्षेत्रातील ध्येयवेडं, परिणामकेंद्री व्यक्तिमत्त्व.’ कोण ही बाई? फोटो तुझाच, कुणाच्या तरी लग्नातला, शेजारचा माणूस कापून काढलेला. त्याचा एक कान तेवढा तुझ्या खांद्यावर राहिलाय. तो कान माझा आहे.

हा काय प्रकार आहे ते कागदावर कळव. लोभ आहेच, तो पासवर्डाशिवाय चालतो.

तुझा,
मामा (कानासह)

९ जून

ती. मामास, सा. न. वि. वि.

कान आज काढते. मोठ्या वाचनालयात मुलांच्या विभागात जागा निघालीय. अर्जाला प्रोफाइल जोडायचं आहे, आणि माझ्या ‘अनुभव’ या रकान्यात वारा वाहतोय. ग्रंथालयाची पदविका आहे, पण कुणी उभं करत नाही. बाबांनी बजावलंय, या महिन्यात जमलं नाही तर मुकाट्याने फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. फरशांशी माझं वैर नाही रे, पण फरशी वाचून कुणी परत आणत नाही.

तू प्रोफाइलवर दोन ओळींची शिफारस लिही. गंभीर. तुझी नेहमीची तऱ्हा नको, पाया पडते.

तुझी,
भिंगरी

१४ जून

मामा,

नमस्कार राग उतरल्यावर. काय लिहून ठेवलंस ते! ‘अर्जदार आठ वर्षांची असताना जिन्याखाली वाचनालय चालवत असे. पुस्तकं चपलांच्या खोक्यांत: रडवणारी, हसवणारी, आणि मामाला देऊ नयेत अशी. अस्वलाचं पुस्तक मी वेळेत दिलं नाही म्हणून न्हाणीघराच्या दारात ठाण मांडून बसली. उशीर करणाऱ्याने एक गोष्ट मोठ्याने, सगळ्यांचे आवाज काढून वाचायची, हा तिथला दंड. माझा अजून थकलेला आहे.’

ग्रंथपालबाई हे वाचणार! ताबडतोब पुसून टाक म्हणून फोन केला, तर मामी सांगते तू पासवर्ड विसरलास. संपलं. फरशांचे भाव पाठ करायला घेते.

भिंगरी

२३ जून

ती. मामास, सा. न. वि. वि., दोनदा.

बाईंनी बोलावलं होतं. बाहेर बाकावर सगळे ध्येयवेडे बसलेले. मला त्यांनी एवढंच विचारलं की खोक्यांची वाटणी अशी का. मी म्हटलं, लहान मुलं लेखकाच्या नावाने पुस्तक मागत नाहीत, मला रडवणारं दे म्हणतात. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मग विचारलं, तो दंड वसूल झाला का? मी खरं सांगितलं की मामा पोचलेला आहे.

सोमवारी रुजू व्हायचंय, सहा महिने तात्पुरती. पहिलं काम, मुदत उलटलेली पुस्तकं परत आणणं! बाबा खूश आहेत. वाचनालयाच्या फरशा उखडल्यात का, एवढं बघून यायला सांगितलंय.

तुझी,
भिंगरी

२८ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

अस्वल माळ्यावर सापडलं. शेवटचं पान तूच डिंकाने चिकटवलेलं, अजून पक्कं आहे.

शनिवारी मुलांच्या विभागात येतो. अस्वलाचा आवाज घरी काढून पाहिला, तर मला काही झालं असं वाटून तुझी मामी पळत आली. ससा अजून जमत नाही. समोर मात्र बसू नकोस, मला हसू फुटेल. वाचून झालं की पुस्तक योग्य त्या खोक्यात ठेव.

पावती नको.

मामा