बिनचूक स्थळाबद्दल तक्रार

विहीणबाई,

नमस्कार. वयाने मी तुमच्याहून मोठी, पण मुलीची आई म्हणून वाकायचं मलाच, तेव्हा कंबर जितकी वाकते तितका नमस्कार केला आहे, उरलेला मनात धरा. तुमचा गुडघा कसा आहे? लेक सांगत होती की जिना चढताना आता तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवता. खुशाल ठेवा, तो खांदा मी चांगलं खायला घालून भक्कम केलेला आहे. व्याह्यांचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना थोडं कमी बोलायला सांगा. हे पत्र बोलते आहे मी आणि लिहिते आहे सून, कारण माझी शाळा दुसरीतच सुटली आणि माझं अक्षर वाचायला माणूस बसवावा लागतो. (सून म्हणते, खोकल्याचं नको, बरं दिसत नाही. लिही गं. खोकला काय मी दिलाय?) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

तर विषय आपण दोघींनी मिळून जमवायला घेतलेल्या स्थळाचा. माझी नात आणि तुमच्या भावाचा नातू. रविवारी आमच्याकडून हो की नाही ते कळवायचं ठरलं होतं. कळवते. पण आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. माझी नात काय काम करते असं कुणी विचारलं की तुम्ही ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’ असं सांगता, हे माझ्या कानावर आलं आहे. काहीतरी नाही. इंटरनेटवर बातम्या देणारी मोठी कंपनी आहे, तिथे बातम्या लिहिणारे घाईत लिहितात. कुणाचा काना पडतो, कुणाची वेलांटी भलत्याच बाजूला जाते, कुणी एका शब्दाचे दोन तुकडे करतो, कुणी वाक्य एका माणसावर सुरू करतो आणि संपवतो दुसऱ्यावर. ते सगळं आधी हिच्यापुढे येतं. हिने पाहिल्याशिवाय एक ओळ जगाला दिसत नाही. घरात आम्ही तिला चिमटाच म्हणतो, भातातला खडा काढावा तशी चूक काढते. एकदा मी तिचा विसरलेला डबा घेऊन ऑफिसात गेले होते. चांगला पोट सुटलेला मोठा साहेब तिच्या खुर्चीमागे उभा राहून गयावया करत होता, की एवढं जाऊ दे, लोकांच्या कुठे लक्षात येतंय. ही मान वर न करता म्हणाली, नाही जाणार. आणि नाही गेलं. डबा हातात धरून उभी होते मी, पण विहीणबाई, त्या खुर्चीत मीच बसले आहे असं वाटलं मला. हे जरा चारचौघांत सांगत चला.

आता अशा मुलीला स्थळं आली की काय होतं ते ऐका. हल्ली मुलं आधी भेटत नाहीत, आधी फोनवर एकमेकांना लिहितात. पहिला आला तो सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा. चिमट्याने त्याला विचारलं, की घरातही चपला घालूनच फिरता का. तो गेला. दुसऱ्याने ‘आशीर्वाद’ चुकवला, तिने दाखवला, तर म्हणाला भावना समजून घ्या. तिसरा इंजिनियर. म्हणाला, भाषा काय, पोचल्याशी कारण. ती म्हणाली पोचलं, आणि फोन ठेवून दिला. सून कपाळाला हात लावून बसायची, मुलगा म्हणायचा की आई, तू तिला शेफारून ठेवलं आहेस. ठेवलंच आहे. (हे शेवटचं सुनेने मी न सांगताच लिहिलं. मनापासून लिहिलं असावं.)

मग तुमचा आला. स्वतःचं दुकान, वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्त करणारा, हाताला काम आणि नखात वंगण. मला पहिल्यापासून पसंत. पण त्याचं पहिलं लिहिणं आलं आणि मी म्हटलं, संपलं. चिमट्याने ते आम्हाला वाचून दाखवलं नाही, नुसतं दाखवलं, की बघा, याच्यात एक शब्द सरळ उभा नाही. शिवाय तिने त्याच्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान उघडलं, तर तिथे वर मोठ्या अक्षरांत ‘दुरुस्ती’ हाच शब्द चुकलेला. ज्याच्यावर पोट भरतो तोच. तिने त्याचं लिहिणं नीट करून त्यालाच परत धाडलं आणि खाली दुकानाच्या पानाचीही चूक लिहिली. तेव्हा तुम्ही मला फोन करून विचारलंत, की आमच्या मुलाला परीक्षेला बसवलंय का. मी काय बोलले ते आठवत असेल. मागे घेत नाही.

पण मुलाने काय केलं? रागावला नाही. दुपारपर्यंत दुकानाचं पान सुधारलं आणि तसं तिला कळवलं, आणि त्या कळवण्यात पुन्हा सगळं नव्याने चुकवलं. विहीणबाई, चूक दाखवल्यावर फुगून न बसणारा पुरुष मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझ्या नवऱ्याला शर्ट उलटा घातला आहे म्हटलं तर दिवसभर तसाच फिरायचा, मुद्दाम. हा मात्र रोज लिहायचा, ही रोज नीट करून पाठवायची. आधी नुसतं नीट करून जायचं. मग खाली एक प्रश्न जायला लागला, की गावाला गेलात तर जेवलात कुठे. मग प्रश्न मोठा आणि चूक काढणं लहान. एकदा त्याने लिहिलं, की एका आजीबाईंच्या मशीनमधून त्यांची कवळी निघाली, ती त्यांनी तिथेच धुऊन बसवली आणि वर याला म्हणाल्या, आता भाव नीट सांग, मघाशी मला बोलता येत नव्हतं. हे सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही पूर्णविराम न देता. चिमटा पूर्णविराम देत बसली होती आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की सून पाणी घेऊन धावली. मी सुनेकडे पाहिलं, सुनेने माझ्याकडे. तुम्हाला कळलं मी काय म्हणते ते.

आणि मग तुम्हाला लाज वाटली. आमचा मुलगा अडाणी दिसतो म्हणून तुम्ही त्याच्या बहिणीला सांगून त्याच्या फोनमध्ये ते काहीतरी घालून घेतलंत, जे माणसाचं लिहिणं आपोआप शुद्ध करतं. (नाकारू नका, माझी लेक तुमच्याच घरात राहते.) तेव्हापासून काय येतं ते सुनेला जसंच्या तसं लिहायला सांगते: ‘आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आज कामाचा व्याप अधिक होता.’ हे काय आहे? वीज जाणार असली की अशी सूचना येते. कवळीचं त्याने आता लिहिलं असतं तर ‘एका ज्येष्ठ महिला ग्राहकाच्या यंत्रातून एक वस्तू प्राप्त झाली’ असं आलं असतं, आणि कुणाला ठसका लागला नसता. चिमटा वाचते, वाचते, काढायला काहीच नसतं. मग ‘छान’ लिहिते. तिकडून ‘धन्यवाद’ येतो. इकडून ‘धन्यवाद’ जातो. याहून बँक आणि गिऱ्हाईक बरे. परवा जेवताना म्हणाली, आजी, रविवारी नाही कळवा. मी म्हटलं, का गं, आता तर एक चूक नाही त्याच्यात. म्हणाली, आधी एक जण लिहायचा, आता दुसराच कुणीतरी लिहितो, आणि हा दुसरा मला आवडत नाही.

बघा, नकार दिला तोही कारणासकट, आणि कारण खोडून दाखवा म्हटलं तर मला येईना. माझी नात आहे ती. तेव्हा विहीणबाई, आमचा नकार समजावा. मुलगा गुणाचा आहे, त्याला कुठलीही चांगली मुलगी मिळेल, तुमच्या आमच्यात मन मोडायचं कारण नाही. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (हा शब्द सुनेने दोन वेळा खोडून लिहिला. आमच्या घरात आता असंच चालतं.)

नकार देतानाही ताठ असलेली,
तुमची विहीण

ता. क. नकार म्हणजे अगदी नकार धरू नका. रविवारला अजून अवकाश आहे. मुलाच्या फोनमधलं ते यंत्र आजच्या आज काढून टाका. आम्ही सांगितलं म्हणून नको, फोन गरम होतो म्हणून सांगा. त्याला जसं येतं तसं लिहू दे, नीट करायला इकडे माणूस बसलेलं आहे.

ता. क. २. सून दूध बघायला गेली तेवढ्यात हे माझ्या हाताने लिहिते, लागलं तर व्याह्यांना जवळ बसवून वाचा. यंत्र काढलं तरी माझा भरवसा नाही. आमची कपडे धुवायची मशीन सकाळपासून बंद आहे. पडली नाही, मी पाडली. मागचा पाण्याचा पाइप काढला. शनिवारी चिमट्याला सुट्टी असते, तेव्हा मुलाला हत्यारं घेऊन पाठवा आणि फोन तुमच्याकडे ठेवून घ्या. तोंडाने बोलू दे. काय चुकतं ते मी बाजूला बसून ऐकीन.

ता. क. ३. काकू, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. तो पाइप मला मघाशीच सापडला आणि मी जोडूनही टाकला होता. आता परत काढून ठेवते. शनिवारी नक्की पाठवा, आणि सासूबाई बाजूला बसणार नाहीत याची काळजी मी घेते. — सून